दिगू हसतो, आई शाई लावते

७ मे २०२४. लोकसभेच्या मतदानाचा तिसरा टप्पा. त्यात आमचा मतदारसंघ होता आणि मी पुण्यात, खोलीवर, पंख्याखाली पडून होतो. गावाला जायला एसटी होती, सुट्टी होती, मतदारयादीत नाव होतं. गेलो नाही. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची ड्युटी शेजारच्या तालुक्यात एका केंद्रावर होती, दुसरी मतदान अधिकारी म्हणून. म्हणजे शाई लावणारी. रात्री साडेअकराला साहित्य जमा करून घरी पोचल्यावर तिने फोन केला. "केलंस का मतदान?" मी म्हणालो, "नाही. काय उपयोग? आपण बटण दाबायचं, आणि कोण कुणाबरोबर ते तिकडे बंगल्यावर बसून ठरवायचं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तुझं नाही. हे त्या 'सिंहासन'मधलं आहे." आणि फोन ठेवला.

मला राग आला, कारण ते खरं होतं.

'सिंहासन' मी पहिल्यांदा पाहिला तो नोव्हेंबर २०१९मध्ये, होस्टेलवर, मोबाईलच्या स्क्रीनवर. तो महिना आठवत असेल तुम्हाला. २४ ऑक्टोबरला विधानसभेचा निकाल लागला होता, ते माझं आयुष्यातलं पहिलं विधानसभेचं मत. त्यानंतर महिनाभर सरकारच नव्हतं. राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरला सकाळी उठलो तर शपथविधी उरकलेला. तीन दिवसांत ते सरकार गेलं आणि २८ तारखेला शिवाजी पार्कवर तिसराच शपथविधी झाला. रूममेटने सिनेमाची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'चाळीस वर्षांपूर्वीच सगळं सांगून ठेवलंय.' आम्ही चौघांनी एका मोबाईलवर डोकी लावून बघितला, आणि शेवटाला चौघेही गप्प झालो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७९चा सिनेमा. दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकरांची, आधार अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांचा. मुख्यमंत्री जिवाजीराव (अरुण सरनाईक) यांना एक निनावी फोन येतो, तुमची खुर्ची हलवायचा डाव शिजतोय. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (श्रीराम लागू) खरंच तयारीत असतात. कामगार नेता डिकास्टा (सतीश दुभाषी) संपाची ताकद घेऊन मधे उभा. आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस, निळू फुले. आपल्याला निळूभाऊ माहीत असतात ते पाटील आणि सरपंच म्हणून, दात विचकून हसणारे. इथे ते जवळजवळ पुटपुटतात. सगळे दिगूला आपल्या मनातलं सांगतात, दिगू ऐकतो, आणि एवढं ऐकून त्याच्या हातात काही उरत नाही. शेवटी तडजोड होते, खुर्ची शाबूत राहते, आणि दिगू भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो.

सिनेमा थोर आहे, त्यावर माझं दुमत नाही. मंत्र्यांना खलनायक न करता थकलेली, घाबरलेली, हिशेबी माणसं म्हणून दाखवणं हे तेव्हाही सोपं नव्हतं आणि आजही कुणाला जमत नाही. आता राजकारणावर वेब सिरीज येतात, त्यात प्रत्येक नेता पायऱ्या उतरताना पार्श्वसंगीत वाजतं. जिवाजीराव पायऱ्या उतरतात तेव्हा फक्त एक दमलेला माणूस खाली येतो.

पण आईच्या त्या वाक्यानंतर मी तो पुन्हा लावला आणि या वेळी वेगळं काहीतरी शोधत होतो. मी मतदार शोधत होतो. सामान्य माणसं आहेत सिनेमात, संपातली आहेत, गर्दीतली आहेत. पण त्यांचं मत या गोष्टीला लागतच नाही. निवडणूक वजा केली तरी 'सिंहासन'च्या कथानकाचा एक टाकाही उसवत नाही. सत्ता तिथे बंगला, मंत्रालय, फोन आणि मोटारीची मागची सीट यांच्यातच फिरते. ही सिनेमाची चूक आहे असं म्हणणं बालिशपणा होईल. १९७८च्या जुलैमध्ये महाराष्ट्राने नेमकं तेच बघितलं होतं. वसंतदादा पाटलांचं सरकार आतूनच पडलं आणि शरद पवार मुख्यमंत्री झाले, मतदारांना कुणी विचारलं नव्हतं. पक्षांतरबंदीचा कायदा तेव्हा नव्हता, तो १९८५ला आला. साधू पत्रकार होते. त्यांना जे दिसत होतं ते त्यांनी लिहिलं.

माझं भांडण दिगूच्या हसण्याशी आहे. किंवा त्या हसण्याचं आम्ही जे करून ठेवलं त्याच्याशी.

दिगूला हसण्याचा हक्क होता, तो त्याने कमावला होता. तो त्या खोल्यांमध्ये वावरला होता. मी कुठे वावरलो? माझ्याकडे एक मोबाईल आहे आणि त्यावर रोज संध्याकाळी 'पडद्यामागे नेमकं काय घडलं' सांगणारे पाच-सहा व्हिडिओ आहेत. अमक्याची खेळी, तमक्याचा मास्टरस्ट्रोक, दिल्लीतली ती रात्र. जून २०२२मध्ये आमदार सुरत-गुवाहाटीला गेले तेव्हा आमच्या ग्रुपवर हॉटेलचे मजले आणि विमानांच्या वेळा चालल्या होत्या. क्रिकेटच्या मॅचसारखं. ज्याला जास्त आतलं माहीत तो जास्त शहाणा. आणि या शहाणपणाचा शेवटचा टप्पा ठरलेला: सगळे सारखेच, हसा आणि सोडून द्या. दिगूचं वेड आम्ही फुकटात घेतलं आणि त्याला राजकीय समज म्हणू लागलो. मतदानाला न जाणं हे मला तेव्हा आळस वाटलं नाही हो, परिपक्वता वाटली होती!

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आईने बदला म्हणून 'न्यूटन' लावला. तिने तो आधी दोनदा पाहिला होता. शिक्षक मंडळींत तो सिनेमा कसा बघतात ते एकदा बघायला हवं.

अमित मसूरकरांचा 'न्यूटन' २०१७चा. २२ सप्टेंबरला तो लागला आणि २५ सप्टेंबरला अरुण साधू गेले. हा नुसता योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही, पण एका आठवड्यात दोन्ही नावं बातम्यांत होती हे मला नंतर लक्षात आलं. नूतन कुमार नावाचा तरुण कारकून, ज्याने आपलं नाव बदलून न्यूटन करून घेतलंय (राजकुमार राव), छत्तीसगडमधल्या दंडकारण्यात मतदान केंद्राध्यक्ष म्हणून जातो. यादीत मतदार ७६. बंदोबस्ताला सुरक्षा दलाचा अधिकारी आत्मा सिंह (पंकज त्रिपाठी), ज्याला हे मतदान लवकर आटपून माणसं जिवंत परत न्यायची आहेत. सोबत स्थानिक आदिवासी शिक्षिका माल्को, आपल्या नाशिककडच्या अंजली पाटीलने केलेली. तिची भूमिका लहान आहे, पण सिनेमात एकटी तीच कशाला दचकत नाही.

हा सिनेमा 'सिंहासन'च्या बरोबर उलटा. इथे बंगला नाही, मुख्यमंत्री नाही, कोण कुणाला फोडतंय याचा पत्ता नाही. फक्त केंद्र आहे. एक जळकी शाळा, एक टेबल, एक मशीन, आणि कुणीच न येणारी दुपार. सत्ता इथे येते ती बंदुका घेऊन आणि परदेशी पत्रकाराला दाखवायला माणसं गोळा करून. गावकऱ्यांना बळेच रांगेत उभं केल्यावर न्यूटन त्यांना समजावायला लागतो, तुमचा माणूस निवडून दिल्लीला जाईल वगैरे. त्यांना काही कळत नाही. मग आत्मा सिंह सरळ सांगतो, हे खेळणं आहे, आवडेल ते बटण दाबा. आणि लोक दाबतात. मी त्या जागी हसलो. आई हसली नाही.

"पन्नास वेळा अभिरूप मतदान करायला लागतं पहाटे," ती म्हणाली. "प्रतिनिधींसमोर. मग ते पुसायचं, मग सील. त्यानंतर दिवसभर मान वर करता येत नाही. आणि संध्याकाळी पाकिटं. किती पाकिटं असतात माहितीये का? त्यावर कोणी सिनेमा काढत नाही." मग जरा थांबून: "आणि हा न्यूटन एवढा ओरडतो कशाला? केंद्राध्यक्षाने ओरडायचं नसतं."

तिचा आक्षेप मला पटला, आणि सिनेमालाही तो ठाऊक आहे असं वाटतं. प्रशिक्षणात संजय मिश्रांचं पात्र न्यूटनला त्याचा दोष सांगतं: तू प्रामाणिक आहेस हे ठीक, पण त्याचा तुला गर्व आहे. नियम पाळणं हे त्याच्यासाठी काम नाही, शौर्य आहे. म्हणूनच शेवटाकडे तो बंदूक हातात घेतो, तीन वाजेपर्यंत मतदान चालू ठेवायला, म्हणजे नियमाप्रमाणे. तो प्रसंग एकाच वेळी हास्यास्पद आणि भयंकर आहे. मतपेटी वाचवायला बंदूक रोखणारा माणूस आपला की त्यांचा? मसूरकर उत्तर देत नाहीत, इतकंच नाही तर शेवटी न्यूटनला मानेला पट्टा बांधून परत कचेरीत बसवतात, जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं बाकी आहेत म्हणून तो घड्याळ बघतो. मला हा शेवट दिगूच्या हसण्यापेक्षा कठीण वाटतो. हसून मोकळं होता येत नाही.

तरी 'न्यूटन'ही एक गोष्ट बघत नाही, आणि ती मला आईमुळेच दिसली. ७६ मतं. समजा ती सगळी पडली. मतमोजणीला प्रत्येक मशीन वेगळं मोजतात आणि निकालानंतर केंद्रनिहाय आकडे जाहीर होतात, नमुना २० म्हणतात त्याला. कोणत्या उमेदवाराला कोणत्या केंद्रावर किती. म्हणजे माणूस गुप्त, पण वाडी उघडी. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक पेट्यांतल्या पत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय तरी होती. मशीन आल्यावर ती गेली. अनेक मशीनचे आकडे एकत्र करणारं टोटलायझर नावाचं यंत्र वापरावं असं निवडणूक आयोगाने २००८मध्ये सुचवलं, विधी आयोगाने २०१५मध्ये त्याला दुजोरा दिला, पण ते आलेलं नाही.

याचा अर्थ काय ते आमच्या गावात शाळकरी पोरालाही कळतं. आमची वाडी मुख्य गावापासून दोन किलोमीटर, केंद्र वेगळं, चारशेच्या आसपास मतं. एका निवडणुकीत आमच्या केंद्रावर एक पुढारी मागे राहिला. त्यानंतर गावाचा रस्ता डांबरी झाला आणि आमच्या फाट्यापाशी येऊन थांबला. कुणी काही बोललं नाही. कुणी धमकी दिली नाही. पुढाऱ्याच्या माणसाने चहाच्या टपरीवर फक्त आमच्या केंद्राचा आकडा सांगितला, पाठ होता त्याला. तो रस्ता सहा वर्षं तिथेच थांबलेला आहे. डिलिव्हरीसाठी बाई न्यायची तर आधी ट्रॅक्टर, मग फाट्यावरून जीप.

आता सांगा, ही सत्ता दोन्हीपैकी कोणत्या सिनेमात आहे? 'सिंहासन'च्या बंगल्यात नाही. 'न्यूटन'च्या बंदुकीतही नाही. ती एका तक्त्यात आहे, आडव्या ओळीत केंद्र, उभ्या रकान्यात उमेदवार. सामान्य मतदाराला सत्ता भेटते ती बहुधा अशीच. आणि याचीच दुसरी बाजू अशी की तो आकडा पुढाऱ्यालाही झोपू देत नाही. आमच्या चारशे मतांना किंमत नसती तर त्याने ती पाठ कशाला केली असती? 'काय उपयोग' असं मी पंख्याखाली पडून म्हणत होतो, तेव्हा हा माणूस वहीत माझ्या केंद्राचा आकडा लिहून बसला होता.

बंगला आणि केंद्र यांच्यामधली वाट दाखवणारी कलाकृती मला अजून सापडलेली नाही. पण त्या वाटेवरची एक बाई आईला त्याच ७ मेला भेटली होती, ते तिने मला 'न्यूटन' संपल्यावर सांगितलं. ऐंशीच्या पुढची. नातवाने गाडीवरून आणलेली. रजिस्टरवर अंगठा दिला, शाई लावून घेतली, आडोशाला गेली आणि परत बाहेर आली. म्हणाली, "बाई, आमचं चिन्ह दिसंना." चिन्ह कोणतं ते तिने उघड सांगायच्या आत केंद्राध्यक्षांनी तिला थांबवलं. कोणतं ते आईने मला आजवर सांगितलेलं नाही, तर्कसुद्धा करू देत नाही. केंद्राध्यक्षांनी नियमाप्रमाणे प्रतिनिधींसमोर पुठ्ठ्याच्या नमुन्यावर बटण कसं दाबायचं ते पुन्हा दाखवलं. त्या पुठ्ठ्यावरची चिन्हं खोटी असतात. आजी म्हणाली, दाबायचं कळतंय, चिन्ह कुठं गेलं ते सांगा. ते सांगायची मुभा त्या खोलीत कुणालाच नव्हती. आजी परत आत गेली. बराच वेळ लागला. मग बीप वाजला.

मला हा प्रसंग सोडत नाही. १९५१-५२ची पहिली निवडणूक घेताना मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर सुमारे साडेसतरा कोटी मतदार होते आणि त्यांतल्या बहुसंख्यांना वाचता येत नव्हतं. म्हणून चिन्हं आली, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी आली. त्याच वेळी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. स्वतःच्या नावाची अट सेन यांनी सोडली नाही, आणि अक्षराची अट घातली नाही. मला ही जोडी फार शहाणी वाटते. चिन्ह म्हणजे त्या आजीचं अक्षर. सत्तर वर्षं तिला त्याच लिपीत राजकारण वाचायला शिकवलं गेलं.

चिन्हं याआधीही बदलली आहेत. १९६९च्या फुटीनंतर बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, पुढच्या फुटीत हात आला. पण फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या दोन पक्षांची चिन्हं कुणाकडे जावीत हे ठरवताना आयोगाने मुख्यतः एक कसोटी धरली, आमदार-खासदार कुणाकडे जास्त. ते आमदार कुणाच्या मतांवर निवडून आले होते? त्या आजीसारख्यांच्या, आणि त्याच चिन्हावर. म्हणजे तिने दिलेलं मत बंगल्यात गेलं, तिथे त्याची मोजदाद झाली, आणि तिचंच अक्षर तिच्याकडून काढून घ्यायला ते वापरलं गेलं. कोणता गट बरोबर हा माझा मुद्दा नाही, त्यावर न्यायालयांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. १९८५च्या कायद्याने एकट्या-दुकट्याचं पक्षांतर अडवलं. सदनात पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जातं, म्हणजे माझा खासदार स्वतःच्या डोक्यानेही मत देऊ शकत नाही. २००३च्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली. तरी घाऊक फूट काही थांबली नाही. १९७९चा बंगला गेला नाही, त्याला कायद्याचं कुंपण पडलं एवढंच. दिगू आज असता तर त्याला राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट पाठ असतं.

आईला हे सगळं मी तावातावाने सांगितलं. ती म्हणाली, "बघ, मग तुझा 'सिंहासन' बरोबरच होता की." मी म्हणालो, अर्धा. त्यावर तिने विचारलं, उरलेला अर्धा कुठला? मला पटकन सांगता आलं नाही. अजूनही नीट सांगता येत नाही. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत बजावलं होतं की आपण विसंगतीच्या आयुष्यात शिरतोय, राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताची किंमत एक, पण समाजात आणि अर्थव्यवहारात ती किंमत आपण नाकारत राहणार. शाळेत हे भाषण मी स्पर्धेसाठी पाठ केलं होतं आणि बक्षीसही मिळवलं होतं. तेव्हा मला वाटायचं की विसंगती मताच्या बाहेर आहे, घरात, गावकुसाबाहेर, बाजारात. फाट्याशी थांबलेला रस्ता आणि पुठ्ठ्यापुढे उभी असलेली आजी बघितल्यावर वाटतं, ती मतदान केंद्राच्या आतपर्यंत आलेली आहे.

नोव्हेंबर २०२४ला विधानसभेच्या मतदानाला मी गावी गेलो. स्वारगेटवरून पहाटेची गाडी, फाट्यावर उतरून दोन किलोमीटर चालत. आईची ड्युटी या वेळीही दुसरीकडेच होती. आमच्या केंद्रावर शाई लावणारे गुरुजी अनोळखी होते, त्यांनी नखावर जरा जास्तच फासली. मशीनसमोर मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली, चिन्हं बघितली, व्हीव्हीपॅटच्या काचेत सात सेकंद चिठ्ठी दिसली आणि पडली.

त्या रात्री आई परत आल्यावर आम्ही 'सिंहासन'चा शेवट पुन्हा लावला, तिच्याच सांगण्यावरून. दिगू हसायला लागला तेव्हा ती पाय चेपत बसली होती. "याचं नाव कुठल्या यादीत असेल रे?" तिने विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता सांगितलं की तिच्या केंद्रावर शेवटच्या तासात गर्दी झाली, सहा वाजता दाराशी उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या वाटाव्या लागल्या, शेवटच्या माणसापासून सुरुवात करून.